‘सॉकर’ म्हटले की इंग्रज नाक का मुरडतो?

एकाच खेळाला जगात दोन नावे आहेत आणि त्या दोन नावांच्या मध्ये अटलांटिक महासागर पसरलेला आहे. अमेरिकेत ‘फुटबॉल’ म्हटले की शिरस्त्राण घालून, अंडाकृती चेंडू बगलेत मारून धावणारे धिप्पाड खेळाडू डोळ्यांपुढे येतात. पायाने खेळायच्या खेळाला तेथे ‘सॉकर’ म्हणतात. आपल्याकडील वृत्तपत्रे हे दोन्ही शब्द मथळ्याच्या सोयीप्रमाणे वापरतात आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. इंग्लंडमध्ये मात्र एखाद्या अमेरिकी माणसाने ‘सॉकर’ म्हटले की आजूबाजूच्या भुवया उंचावतात. ‘याला खेळातले काय कळणार?’ हा निवाडा त्या एका शब्दावरून होऊन जातो.

हा केवळ शब्दाचा वाद असता तर तो भाषातज्ज्ञांवर सोपवून मोकळे होता आले असते. परंतु त्याच्या आड एक जुनी, गुंतागुंतीची मनोवृत्ती दडलेली आहे. अमेरिकेतील फुटबॉलकडे आणि तेथील चाहत्यांकडे पाहताना इंग्रजांच्या मनात तीन भावना एकमेकींत मिसळलेल्या असतात: टवाळी, संशय आणि थोडी असूया. यांपैकी संशयाला सबळ कारणे आहेत. टवाळीला फारशी नाहीत. आणि या दोहोंची गल्लत झाल्यामुळे भलत्याच माणसाला बोल लावला जातो, हे या प्रकरणातील खरे दुखणे आहे.

शब्द मूळचा इंग्रजांचाच

गंमत अशी की ‘सॉकर’ हा शब्द अमेरिकेने घडवलेला नाही. १८६३ मध्ये लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये काही क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि ‘फुटबॉल असोसिएशन’ ही संस्था स्थापन झाली. चेंडू हातात घेऊन पळण्याची मुभा हवी असणारे गट वेगळे झाले आणि १८७१ मध्ये त्यांनी ‘रग्बी फुटबॉल युनियन’ उभारली. म्हणजे त्या काळी ‘फुटबॉल’ दोन प्रकारचा होता: रग्बी फुटबॉल आणि असोसिएशन फुटबॉल. ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांना शब्दांची शेपटी कापून त्यांना ‘अर’ हा प्रत्यय जोडण्याची खोड होती. त्यांच्या तोंडी रग्बीचे ‘रगर’ झाले आणि ‘असोसिएशन’मधील मधली अक्षरे उचलून ‘सॉकर’ तयार झाले.

हा शब्द नंतरची अनेक दशके इंग्लंडमध्ये बिनतक्रार नांदला. ‘वर्ल्ड सॉकर’ हे प्रतिष्ठित मासिक १९६० मध्ये लंडनमध्येच सुरू झाले. मँचेस्टर युनायटेडला घडवणारे थोर व्यवस्थापक मॅट बस्बी यांच्या १९७३ मधील आत्मकथनाचे नाव ‘सॉकर अॅट द टॉप’ असे आहे. बस्बींना खेळातले कळत नव्हते असे म्हणण्याची कोणाची छाती होईल? मिशिगन विद्यापीठातील क्रीडा-अर्थतज्ज्ञ स्टीफन शिमान्स्की यांनी ब्रिटिश आणि अमेरिकी प्रकाशनांतील या शब्दाच्या वापराचा मागोवा घेतला. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये तो चांगला रुळला आणि १९८० नंतर मात्र उतरणीला लागला, असे त्यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले. अमेरिकेत हा खेळ डोळ्यांत भरू लागला आणि नेमका तेव्हापासून इंग्रजांना हा शब्द परका वाटू लागला.

ऑस्ट्रेलियातही या खेळाला बहुतांशी ‘सॉकर’च म्हणतात, कारण तेथे ‘फुटबॉल’ या नावावर दुसऱ्या खेळांनी आधीच हक्क सांगितलेला आहे. त्याबद्दल इंग्रज फारसा चिडत नाही. तेव्हा राग शब्दावर नाही. तो ज्याच्या तोंडून येतो त्याच्यावर आहे.

बेलो होरिझोंटेचा धक्का

या रागाला इतिहासही आहे. १९३० च्या पहिल्या विश्वचषकात अमेरिकेने उपान्त्य फेरी गाठली होती. इंग्लंडने मात्र महायुद्धापूर्वीच्या तिन्ही विश्वचषकांत भागच घेतला नाही. आपण खेळाचे जनक. आपल्याला कोणाकडून प्रमाणपत्र कशाला हवे, असा त्यामागचा भाव होता. अखेर १९५० मध्ये इंग्लंडचा संघ प्रथमच विश्वचषकासाठी ब्राझीलला गेला. संघात बिली राइट, टॉम फिनी, स्टॅन मॉर्टेन्सन यांच्यासारखे मातब्बर होते. पुढे इंग्लंडला विश्वविजेतेपद मिळवून देणारे आल्फ रॅम्सी बचावफळीत होते.

२९ जून १९५० रोजी बेलो होरिझोंटे येथे त्यांची गाठ अमेरिकेशी पडली. अमेरिकी संघ हौशी आणि अर्धव्यावसायिक खेळाडूंचा. गोलरक्षक फ्रँक बोर्घी शववाहिका चालवत असे, हॅरी किओ टपाल खात्यात होता. प्रशिक्षक बिल जेफ्री आणि त्या दिवशीचा कर्णधार एड मॅकिल्व्हेनी हे दोघेही जन्माने स्कॉटिश. हैतीहून शिक्षणासाठी न्यूयॉर्कला आलेला आणि उपाहारगृहात भांडी घासून खर्च भागवणारा जो गाएत्येन्स याने मध्यंतरापूर्वी डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला. इंग्लंडने उत्तरार्धात जंग जंग पछाडले, पण गोल काही झाला नाही. निकाल: अमेरिका १, इंग्लंड ०.

योगायोग असा की त्याच दिवशी लॉर्ड्सवर वेस्ट इंडीजने इंग्लंडला कसोटीत हरवून इंग्लंडच्या भूमीवरील आपला पहिला कसोटी विजय मिळवला. ज्यांना आपण खेळ शिकवले, ते एकाच दिवशी दोन मैदानांवर आपल्याला भारी ठरले. पण दोन्ही पराभवांचा लेखाजोखा वेगळा मांडला गेला. रामाधीन आणि व्हॅलेंटाइन यांच्या फिरकीचे कौतुक झाले. बेलो होरिझोंटेची हार मात्र ‘अपघात’ या सदरात जमा झाली. खुद्द अमेरिकेतही त्या विजयाची कोणी दखल घेतली नाही. त्या स्पर्धेला अमेरिकेचा एकच पत्रकार हजर होता आणि तोही स्वतःच्या खर्चाने गेलेला. गाएत्येन्स पुढे मायदेशी परतला. १९६४ मध्ये हैतीतील हुकूमशाहीच्या गुप्त पोलिसांनी त्याला पकडून नेले आणि त्यानंतर तो कोणालाही दिसला नाही. जिंकणाऱ्याला आठवण नाही आणि हरणाऱ्याला आठवण नको, अशी त्या विजयाची गत झाली.

हा ‘अपघात’ तसा एकटा नाही. १९९३ मध्ये बोस्टनजवळील फॉक्सबरो येथे अमेरिकेने इंग्लंडला २-० असे हरवले. पुढच्याच वर्षीचा विश्वचषक अमेरिकेत होता आणि त्याला इंग्लंड पात्रही ठरू शकले नाही. २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेत क्लिंट डेम्प्सीचा साधा फटका इंग्लंडचा गोलरक्षक रॉबर्ट ग्रीन याच्या हातून निसटला आणि सामना १-१ असा सुटला. २०२२ मध्ये कतारला ०-० अशी बरोबरी झाली. म्हणजे २०२२ पर्यंत पुरुषांच्या विश्वचषकात दोन्ही देश तीनदा समोरासमोर आले आणि इंग्लंडला त्यांपैकी एकही सामना जिंकता आला नाही.

रोषणाईची हेटाळणी आणि अनुकरण

अमेरिकी फुटबॉल म्हणजे तमाशा, ही प्रतिमा घट्ट झाली ती १९६८ ते १९८४ या काळात चाललेल्या ‘नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग’मुळे. १९७५ मध्ये पेले न्यूयॉर्क कॉसमॉसमध्ये दाखल झाला, पाठोपाठ बेकेनबाउर आला. १९७७ मध्ये कॉसमॉसच्या एका सामन्याला ७७,६९१ प्रेक्षक लोटले. बॉबी मूर, जेफ हर्स्ट, गॉर्डन बँक्स हे १९६६ चे विश्वविजेते आणि जॉर्ज बेस्टसारखा कलंदर कारकिर्दीच्या उत्तरार्धात तेथे खेळून आले. बरोबरी अमेरिकी प्रेक्षकाला रुचत नाही म्हणून निकालासाठी वेगळी ‘शूटआउट’ पद्धत आली. ऑफसाइडसाठी मैदानावर ३५ यार्डांची निराळी रेषा आखली गेली. इंग्रजांच्या लेखी हा सारा पोरखेळ होता आणि ती लीग म्हणजे उतरत्या वयातील खेळाडूंची निवृत्तिवेतनाची सोय.

पण त्याच काळात खुद्द इंग्लंडमध्ये काय चालले होते? दंगेखोरीने मैदाने बदनाम झाली होती. १९८५ च्या मे महिन्यात ब्रॅडफर्डच्या लाकडी स्टँडला आग लागून ५६ जण मृत्युमुखी पडले. त्याच महिन्यात ब्रसेल्सच्या हेझेल मैदानावर लिव्हरपूलच्या समर्थकांनी केलेल्या हल्ल्यानंतर ३९ जणांचा बळी गेला. १९८९ मध्ये हिल्सबरो येथे झालेल्या चेंगराचेंगरीतील मृतांचा आकडा पुढे ९७ वर गेला. त्यानंतर मैदाने बदलणे भागच होते. १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा ती खासगी दूरचित्रवाहिनीवर नर्तिका आणि आतषबाजीसह अवतरली. १९९३ पासून खेळाडूंच्या पाठीवर नाव आणि कायमचा क्रमांक झळकू लागला. अमेरिकी खेळांत या गोष्टी आधीपासून रुळलेल्या होत्या. ज्या रोषणाईला नावे ठेवली, तीच घरात लावून घेतली.

१९९४ चा विश्वचषक अमेरिकेला दिला तेव्हाही, रिकाम्या मैदानांत स्पर्धा होणार, अशी भाकिते झाली. प्रत्यक्षात ५२ सामन्यांना सुमारे ३५ लाख ८७ हजार प्रेक्षक आले. सरासरी ६८ हजारांहून अधिक! त्यातूनच १९९६ मध्ये ‘मेजर लीग सॉकर’ उभी राहिली. तिनेही प्रारंभी उलटे धावणारे घड्याळ आणि जुना शूटआउट असे प्रयोग केले, पण १९९९ नंतर ते सोडून दिले.

उसनी गाणी आणि खरी माणसे

आता चाहत्यांकडे वळू. इंग्रजांच्या डोळ्यांपुढील अमेरिकी चाहता असा असतो: गळ्यात कोरा करकरीत मफलर, ओठांवर इंग्लंडहून उसने आणलेले गाणे, आणि मोठ्या पडद्यावर सूचना आली की वाजणाऱ्या टाळ्या. त्याच्या क्लबांची नावेही उसनी. सॉल्ट लेक सिटीच्या संघाने ‘रेआल’ हे स्पेनच्या राजाने बहाल केलेले बिरुद उचलले, कॅन्सस सिटीच्या ‘विझर्ड्स’चे पुढे ‘स्पोर्टिंग’ झाले, ‘युनायटेड’ तर ठिकठिकाणी. यावर हसू येणे स्वाभाविक आहे.

परंतु या चित्रात बऱ्याच गोष्टी सुटतात. पहिली भूगोलाची. इंग्लंडमध्ये समर्थक सकाळी रेल्वेत बसून दुसऱ्या शहरात सामना पाहतो आणि रात्री घरी परततो. दोन्ही बाजूंच्या समर्थकांत रंगणारी गाण्यांची जुगलबंदी ही इंग्लिश मैदानांची खरी शान आहे. सिअॅटलहून मायामीला जायचे तर चार हजार किलोमीटरांहून अधिक अंतर कापावे लागते; तेथे ही जुगलबंदी दर आठवड्याला कशी घडणार? जेथे शहरे जवळ आहेत, उदाहरणार्थ सिअॅटल आणि पोर्टलंड, तेथे वैर आणि गाणी दोन्ही अस्सल आहेत. पोर्टलंडच्या संघाने गोल केला की मैदानालगत करवतीने ओंडक्याची चकती कापली जाते. लाकूडतोड्यांच्या त्या प्रदेशाची ही स्वतःची प्रथा आहे. ती कोणाकडून उसनी घेतलेली नाही.

दुसरी गोष्ट वर्गाची. इंग्लंडमध्ये हा खेळ गिरण्या, गोद्या आणि खाणींच्या वस्त्यांत वाढला. अमेरिकेत गेल्या काही दशकांत तो उपनगरांतील सुस्थित कुटुंबांच्या मुलांचा खेळ म्हणून ओळखला गेला. मुलांना गाडीतून सरावाला नेणारी ‘सॉकर मॉम’ १९९६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत तर मतदारांचा एक वर्गच मानली गेली. कामगारांचा खेळ सुखवस्तू लोकांच्या हाती गेला की तो बेगडी होतो, असे इंग्रजाला वाटते. मात्र आज त्याच्या स्वतःच्या प्रीमियर लीगच्या तिकिटांचे दर पाहता हा आक्षेप घेण्याचा त्याचा अधिकार कितपत उरला आहे?

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट स्थलांतरितांची. मॅसॅच्युसेट्समधील फॉल रिव्हरच्या गिरण्यांत आणि सेंट लुइसच्या वस्त्यांत हा खेळ शंभर वर्षांपूर्वी जोमात होता. १९२० च्या दशकातील ‘अमेरिकन सॉकर लीग’ स्कॉटलंडचे व्यावसायिक खेळाडू ओढून नेत असे. आज अमेरिकी दूरचित्रवाणीवर वर्षानुवर्षे मोठा प्रेक्षकवर्ग टिकवून असलेली लीग आहे ती मेक्सिकोची. या घरांत फुटबॉल आजोबांकडून नातवाकडे आलेला आहे; तो त्यांनी कुठल्या जाहिरातीतून उचललेला नाही. इंग्रजांच्या व्यंगचित्रात मात्र ही माणसे कोठेच नसतात.

टवाळीची किंमत

टवाळी निरुपद्रवी असते असे आपण म्हणतो, पण तिची किंमत कोणाला तरी मोजावी लागते. ऑक्टोबर २०१६ मध्ये बॉब ब्रॅडली हे वेल्समधील, पण प्रीमियर लीगमध्ये खेळणाऱ्या स्वान्सी सिटी संघाचे व्यवस्थापक झाले. प्रीमियर लीगमधील ते पहिले अमेरिकी व्यवस्थापक. अमेरिकेच्या आणि इजिप्तच्या राष्ट्रीय संघांचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. पण चर्चा रंगली ती त्यांच्या शब्दांची. पेनल्टीला त्यांनी अमेरिकी पद्धतीने ‘पीके’ म्हटले, याचीच खिल्ली उडाली. क्लबची सूत्रे नुकतीच अमेरिकी मालकांकडे गेली होती आणि समर्थकांना विश्वासात न घेतल्याची नाराजी होती; तिचाही रोख ब्रॅडलींकडे वळला. ८५ दिवस, ११ सामने आणि दोन विजय, एवढ्यावर त्यांना निरोप मिळाला. निकाल वाईट होते यात शंका नाही. पण वाईट निकाल देणाऱ्या इंग्रज व्यवस्थापकाच्या भाषेची परीक्षा कोणी घेत नाही.

२०२२ मध्ये लीड्सला जेसी मार्श आले तेव्हा ‘टेड लासो’ या मालिकेतील नायकाशी त्यांची तुलना होणे अपरिहार्य ठरले. फुटबॉलचा गंध नसलेला अमेरिकी प्रशिक्षक लंडनला येतो, हे पात्र मुळात २०१३ मध्ये एका अमेरिकी वाहिनीने प्रीमियर लीगच्या प्रक्षेपणाची जाहिरात म्हणून निर्माण केले आणि २०२० मध्ये त्याची मालिका झाली. म्हणजे अमेरिकी अज्ञानावरचा सर्वांत गाजलेला विनोदही अमेरिकींनीच स्वतःवर केलेला आहे.

मैदानावर घाम गाळणाऱ्याला इंग्रज प्रेक्षक नाकारत नाही, हेही तितकेच खरे. केसी केलर, ब्रॅड फ्रीडल, टिम हॉवर्ड या अमेरिकी गोलरक्षकांना तेथे मानाचे स्थान मिळाले. सलग ३१० प्रीमियर लीग सामने खेळण्याचा विक्रम फ्रीडलच्या नावावर आहे. ब्रायन मॅकब्राइडवर तर फुलहॅमच्या समर्थकांचा इतका जीव जडला की तेथील मैदानातील एका बारला त्याचे नाव दिले गेले.

महिला फुटबॉलमध्ये तर पारडे पूर्ण उलटे आहे. १९२० मध्ये लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर महिलांच्या सामन्याला सुमारे ५३ हजारांची गर्दी झाली आणि १९२१ मध्ये इंग्लिश फुटबॉल असोसिएशनने आपल्या क्लबांच्या मैदानांवर महिलांना बंदी केली. ही बंदी सुमारे अर्धशतक टिकली. अमेरिकेत १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई केली आणि विद्यापीठांची मैदाने मुलींना खुली झाली. १९९१, १९९९, २०१५ आणि २०१९ अशी चार विश्वविजेतेपदे हे त्याचे फळ. इंग्लंडच्या विजयी महिला संघाच्या मूळच्या डच प्रशिक्षक सरिना विगमन तरुणपणी नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात खेळल्या होत्या. तर २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेला सुवर्णपदक मिळवून देणाऱ्या प्रशिक्षक एमा हेज लंडनच्या. येथे कोण कोणाचा गुरू, हे सांगणे कठीण आहे.

संशय मात्र निराधार नाही

टवाळी बाजूला ठेवली तरी इंग्रज समर्थकाची एक भीती उरते आणि ती समजून घ्यायला हवी. इंग्लंडमध्ये फुटबॉलची रचना शिडीसारखी आहे. तळाचे संघ खालच्या श्रेणीत घसरतात, खालचे वर चढतात. लहान गावातील क्लबही तत्त्वतः शिखर गाठू शकतो. अमेरिकेची मेजर लीग बंदिस्त आहे. मोठे शुल्क भरून प्रवेश मिळवायचा, मग घसरण्याचे भय नाही. गुंतवणूकदाराला हे सोयीचे. समर्थकाला मात्र हा खेळाचा प्राणच काढून घेतल्यासारखे वाटते.

२००५ मध्ये अमेरिकेच्या ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड ताब्यात घेतले आणि खरेदीसाठीच्या कर्जाचा मोठा बोजा क्लबवरच टाकला. संतप्त समर्थकांतील काहींनी ‘एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर’ हा वेगळा क्लब काढला. २००८ मध्ये प्रीमियर लीगची ३९ वी फेरी परदेशात खेळवण्याची कल्पना निघाली. ती विरोधापुढे बारगळली. १८ एप्रिल २०२१ रोजी युरोपातील बारा धनाढ्य क्लबांनी स्वतःची ‘सुपर लीग’ जाहीर केली. तिच्या संस्थापकांना पदावनतीचे भय नव्हते. त्यातील सहा क्लब इंग्लंडचे आणि त्यांपैकी मँचेस्टर युनायटेड, लिव्हरपूल व आर्सेनल यांचे मालक अमेरिकी. समर्थक रस्त्यावर उतरले आणि दोन दिवसांत सहाही इंग्लिश क्लबांनी माघार घेतली. आज प्रीमियर लीगमधील सुमारे निम्म्या क्लबांत अमेरिकी भांडवलाचा वाटा आहे. २०२५ मध्ये ब्रिटिश संसदेने स्वतंत्र फुटबॉल नियामकाचा कायदा केला, त्यामागे हीच चिंता आहे.

पण सुपर लीगच्या संकल्पनेत स्पेन आणि इटलीचे मातब्बर क्लबही पुढे होते; हाव ही काही एका देशाची मिरासदारी नाही. आणि मालक व चाहता यांत फरक केला पाहिजे. लंडनमध्ये दुपारी साडेबाराला सुरू होणारा सामना पाहण्यासाठी न्यूयॉर्कचा चाहता सकाळी साडेसातला आणि कॅलिफोर्नियाचा पहाटे साडेचारला जागा असतो. त्याने कोणाचा क्लब कर्जात ढकललेला नाही. उलट, वेल्समधील रेक्सहॅम हा क्लब हॉलिवूडच्या दोन अभिनेत्यांनी विकत घेतल्यावर त्याने २०२३ ते २०२५ अशी सलग तीन वर्षे इंग्लिश श्रेणींत जी चढण केली, ती अमेरिकी प्रेक्षकाने जीव लावून पाहिली. त्याच्या देशाच्या लीगमध्ये नसलेल्या त्या शिडीचेच त्याला अप्रूप वाटले. म्हणजे इंग्रज समर्थक ज्या गोष्टीसाठी लढतो आहे, तिचे मोल हा दूरचा चाहताही जाणतो. मालकांशी लढताना जो आपला मित्र ठरू शकतो, त्यालाच उच्चारावरून दारात अडवणे शहाणपणाचे नाही.

हे सारे वाचताना आपल्याला क्रिकेट आठवावे. वीस षटकांचे क्रिकेट २००३ मध्ये इंग्लंडच्या कौंटींनीच सुरू केले. २००८ मध्ये आयपीएल आली, आणि तिच्यातील गोंगाट, चीअरलीडर आणि पैसा यांवर इंग्लंडमधूनच टीकेचे सूर उमटले. आज मुंबई-पुण्यात लिव्हरपूलचा लाल शर्ट घालून मध्यरात्री सामना पाहणाऱ्या तरुणालाही ‘तुझा त्या गावाशी काय संबंध?’ हा प्रश्न केव्हा ना केव्हा ऐकावा लागतोच. खेळाचे जन्मगाव कोणते, हे इतिहास सांगतो आणि तो मान इंग्लंडकडून कोणी हिरावून घेऊ शकत नाही. पण खेळावर प्रेम करण्यासाठी त्या गावचा दाखला लागत नाही. क्लबाच्या तिजोरीवर डोळा ठेवणाऱ्याला इंग्रजाने जरूर जाब विचारावा. पहाटे गजर लावून उठणाऱ्याला मात्र ‘सॉकर’ म्हणू द्यावे. शब्द तरी त्याने त्यांच्याकडूनच घेतला आहे.